घंटा वसईची, दोर कुणाचा?

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. 'स्वदेस' ज्यांनी पाहिला त्यांनी हा घाट पाहिला आहे. शाहरुख खानकडे बघण्याच्या नादात लक्षात राहिला नसेल, एवढंच. त्या घाटावर देवळापाशी एक मोठी थोरली घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मारिया दिसते आणि १७०७ हा आकडा दिसतो. ही घंटा मूळची आमच्या वसईची. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला आणि इथल्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. एक भीमाशंकरला गेली, एक मेणवलीला, एक नाशकात नारोशंकराच्या देवळात. नाशिकच्या घंटेवर १७२१ कोरलेलं आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर एकमेकांना विचारतात, "पाणी घंटेला लागलं का?" म्हणजे ज्या घंटेला भाविकांना प्रार्थनेला बोलावण्याच्या कामावर नेमलं होतं, ती बदली होऊन नाशकात गेली आणि पाटबंधारे खात्याचं काम बघू लागली. तेही बिनपगारी.

मी जन्माने वसईकर. तरी ही सगळी माहिती मला मिळाली ती आमच्या ऑफिसातल्या साहेबांकडून, अंधेरीत, सोमवारी सकाळी, आणि माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून.

साहेब मूळचे पुण्याचे. जोडून आलेल्या सुट्टीत ते महाबळेश्वरला गेले आणि परतताना वाईला थांबले. त्यात आमचं काही नुकसान होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण सोमवारच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तो पगाराच्या प्रोग्रामचा. आमच्या कंपनीत पगार काढणारा प्रोग्राम २००५ च्या सुमारास जावा या भाषेत लिहिलेला आहे. लिहिणारे गृहस्थ केव्हाच कॅनडाला स्थायिक झाले. जाताना फाइलीच्या माथ्यावर, यात कुणी हात घालू नये, अशा अर्थाची एक ओळ लिहून गेले, आणि एवढ्या वर्षांत ती ओळ सोडून त्या फाइलीतलं दुसरं काही कुणी वाचलेलं नाही. आता कंपनीला सगळं नवीन करायचं होतं, आणि नवीन म्हणजे पायथन. हल्ली भरती होणारी सगळी पोरं पायथनवाली. त्यांना जावा दाखवला तर आजोबांचं धोतर नेसायला सांगितल्यासारखा चेहरा करतात. तेव्हा प्रश्न असा, की पगाराचा तो जावातला क्लास पायथनमध्ये नव्याने लिहायचा, की आहे तसा उचलून पायथनमधून वापरायचा?

"नव्याने कशाला?" साहेब म्हणाले. "चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर घंटा नव्याने ओतत बसले का? काढल्या, नेल्या, टांगल्या! पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, वाजताहेत. आणि तुम्हाला एक क्लास टांगता येत नाही?"

समोर बसलेला वसईच्याच पापडीचा पोरगा आईशी फोनवर तिथली कादोडी बोलतो, क्लायंटशी इंग्रजी, रिक्षावाल्याशी हिंदी आणि आमच्याशी मराठी. चारही भाषांत तो सारखाच आगाऊ आहे. तो म्हणाला, "सर, त्या घंटा आमच्या आहेत. आधी त्या परत द्या, मग क्लासचं बघू."

सगळे हसले, साहेबही हसले. आणि हसता हसता काम आमच्या गळ्यात पडलं.

ज्यांचा संगणकाशी संबंध लाइटबिल भरण्यापुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. क्लास म्हणजे काही माहिती आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. पगाराच्या क्लासला माणसाचा मूळ पगार ठाऊक असतो, भविष्यनिर्वाह निधी किती कापायचा हे ठाऊक असतं, व्यवसायकर किती हे ठाऊक असतं. त्याला म्हणायचं, "काढ", की तो आकडा काढून देतो. आत काय केलं हे तो सांगत नाही आणि सुज्ञांनी विचारू नये. इतकं सोयीचं गाठोडं आयतं असताना दुसऱ्या भाषेत तेच पुन्हा बांधायचं कशाला, हा साहेबांचा प्रश्न तत्त्वतः बरोबर होता. तत्त्वतः बरोबर असलेल्या प्रश्नांनीच माणसं विरारला रात्री साडेअकराला पोचतात.

गोम अशी, की घंटेला लागतं काय? एक भक्कम तुळई आणि वाजवणारा हात. कुठल्या देवासाठी वाजतोय हे ती विचारत नाही. क्लासचं तसं नाही. जावाचा क्लास जावाच्याच यंत्रात जगतो. तुम्ही फक्त घंटा मागवता. पण ती येते ती बुरुजासकट, बाकांसकट, गायनवृंदासकट आणि रविवारच्या मिस्साला बसणाऱ्या सगळ्या मंडळींसकट. अप्पांना वसईहून असं सगळं न्यावं लागलं असतं तर त्यांनीही एखादी साधीशी घंटा पुण्यात तांबट आळीतच ओतून घेतली असती.

तरी लोकांनी वाटा काढलेल्या आहेत. पहिली वाट जिम ह्यूगनिन या गृहस्थांनी १९९७ मध्ये काढली. त्यांनी पायथनलाच उचलून जावाच्या यंत्रात नेऊन बसवलं. आधी त्याला जेपायथन म्हणत, पुढे जायथन. म्हणजे घंटा देवळात आणण्याऐवजी देऊळच चर्चच्या आवारात हलवायचं. तिथे गेल्यावर जावाचे सगळे क्लास अगदी घरचे असल्यासारखे वापरता येतात. अडचण एवढीच, की पायथनची जी खरी मिळकत, गणिताची आणि आकडेमोडीची मोठमोठी भांडारं, ती सी भाषेत बांधलेली असल्यामुळे या नव्या जागेत येत नाहीत. गंमत म्हणजे त्या भांडारांतल्या सगळ्यात मोठ्याचा, नमपायचा, पूर्वज न्यूमेरिक. तो लिहिणारेही हेच ह्यूगनिन. स्वतःच बांधलेल्या तिजोरीची किल्ली स्वतःच्याच नव्या घरात चालू नये, हा योग एरवी फक्त वाटण्यांच्या दाव्यात येतो. शिवाय जायथन अजून पायथनच्या २.७ या आवृत्तीपाशी आहे, आणि त्या पिढीच्या पायथनचं अधिकृत श्राद्ध १ जानेवारी २०२० ला झालं.

दुसरी वाट जेपाइपची. यात पायथन आपल्या घरीच राहतो आणि त्याच्या पोटात जावाचं अख्खं यंत्र सुरू होतं. काम झालं की ते बंद करता येतं. पण एकदा बंद केलं की त्याच बैठकीत पुन्हा सुरू होत नाही. सगळा कारभार मोडून पहिल्यापासून मांडावा लागतो. हे कागदपत्रांत अगदी सभ्य भाषेत लिहून ठेवलेलं आहे, त्यामुळे कुणाला तक्रारही करता येत नाही.

आणखीही वाटा आहेत. सी भाषेतून जाणारी फार जुनी वाट आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्या भाषा शेवटी तिथूनच जातात. दोन भाषांना एकमेकींशी बोलायचं असलं की दोघी सी मध्ये बोलतात, जशी मुंबईत एक मल्याळी आणि एक बंगाली माणूस हिंदीत भांडतात. ज्या पोरांना फोर्ट्रान हे नाव ऐकून हसू येतं त्यांनी पायथनमध्ये समीकरणांचा मोठा संच सोडवून पाहावा. आत खोलवर लापॅक नावाचं जे भांडार राबत असतं ते फोर्ट्रानमध्ये लिहिलेलं आहे, आणि फोर्ट्रान १९५७ ची आहे. पोरगं म्हणतं, मी पायथनमध्ये केलं. केलं त्याच्या आजोबांच्या वयाच्या भाषेने.

आम्ही जेपाइप घेतलं. जावाचं यंत्र सुरू झालं, क्लास सापडला, हाक मारल्यावर ओ दिली. साहेबांनी दाराशी येऊन "टांगली?" असं विचारलं आणि आम्ही "टांगली" म्हटलं. संध्याकाळी वडापाव आले. वडापाव नेहमी लवकर येतात.

चाचणी सुरू झाली ती जानेवारीच्या पगारपत्रकाने. महाराष्ट्रात नोकरदाराला व्यवसायकर भरावा लागतो. महिन्याला २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० अधिक ३००, एकूण २,५००. एका वर्षात २,५०० च्या वर हा कर घेता येत नाही अशी मर्यादा घटनेतच घातलेली आहे, आणि मर्यादेपर्यंतचा पै-पैसा वसूल व्हावा म्हणून फेब्रुवारीवर शंभर रुपये जास्त लादले आहेत. आधीच बिचाऱ्याला दिवस कमी.

तर जानेवारीच्या पत्रकात प्रत्येकाचे ३०० कापलेले. अकाउंट्सच्या मॅडमनी कागद आमच्या टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "जानेवारीत तीनशे? सरकारने बदललंय की तुम्ही?"

फेब्रुवारीचं पत्रक काढलं. त्यात २००. मार्चमध्ये २००. वर्षभराचं काढलं, बेरीज २,५००. वार्षिक हिशेब असा बिनचूक, की ही चूक सापडायला जानेवारीचा कागद हातात घेऊन वाचणारी बाई लागली. आणि डिसेंबरचा हिशेब जावाने धरला होता तो जानेवारीत, तोही पुढच्या वर्षीच्या.

कारण ऐकून मॅडमना काही सेकंद बसावं लागलं. जावामध्ये तारखांचा जो जुना क्लास आहे त्यात महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी म्हणजे शून्य, फेब्रुवारी म्हणजे एक, डिसेंबर म्हणजे अकरा. पायथन मात्र सरळ चार लोकांसारखा एकपासून बारापर्यंत मोजतो. पायथनने जानेवारी म्हणून १ दिला, जावाने तो फेब्रुवारी म्हणून घेतला. दोघांनी आपापल्या परीने प्रामाणिकपणे काम केलं. बारावा महिना आला तेव्हा जावाने तोंड वर करून "असा महिना नसतो" असं म्हणायला हवं होतं. पण तो क्लास स्वभावाने उदार आहे. त्याने विचार केला, अकरा म्हणजे डिसेंबर, तर बारा म्हणजे पुढच्या वर्षीचा जानेवारी असणार, लोकांना काय दुखवायचं! इतका समजूतदार नोकर कुणाला मिळू नये.

"पण शून्यापासून का?" मॅडमनी विचारलं. "शून्यावा महिना कुणाच्या घरी असतो?"

कारण सी भाषेत तसं आहे. तिथे महिने शून्य ते अकरा, आणि वर्ष १९०० पासून मोजलेलं. जावा करणाऱ्यांनी ती रीत तशीच उचलली. म्हणजे आम्ही जी घंटा जावाकडून आणली होती ती जावाने आधी दुसरीकडून आणलेली होती, आणि तिच्यावरची अक्षरं त्यांनीही वाचली नव्हती. पुढे २०१४ मध्ये जावाने तारखांची नवी व्यवस्था केली आणि तिच्यात महिना एकपासून सुरू केला. पण आमचा क्लास २००५ चा. त्यात हात घालायचा नव्हता.

इथून पुढे मीटिंगमध्ये एक नवा उपद्रव सुरू झाला. कुठलंही दोन आकड्यांचं भांडण निघालं की मॅडम विचारत, "हा आपला एक की त्यांचा एक?" आणि तो प्रश्न दर वेळी रास्त असे. त्या पायथन कधी शिकल्या नाहीत. तरी आमच्यापैकी सगळ्यात चांगला प्रोग्रामर त्याच, असं माझं मत आहे. ऑफिसात ते मी बोललेलो नाही.

महिन्यांचं निस्तरलं तोवर आडनावांचं निघालं. वसईत डि'मेलो, डि'सिल्वा, डि'सोजा पुष्कळ. इंग्रजीत ही नावं लिहिताना डी च्या पुढे वरच्या बाजूला एक स्वल्पविराम टांगलेला असतो. तो स्वल्पविराम म्हणजेच संगणकाच्या भाषेत अवतरणचिन्ह. आमच्यातल्या एका घाईच्या पोराने जेपाइपचा मधला पूल टाळून एक चोरवाट काढली होती: पायथनमध्ये मजकुराची एक ओळ जुळवायची, तिच्यात कर्मचाऱ्याचं नाव एकेरी अवतरणात घालायचं आणि ती ओळ पलीकडे चालवायला धाडायची. पाटील गेले, वर्तक गेले, नाईक गेले, सगळे पोचले. डि'मेलो आले, आणि डी च्या पुढचं चिन्ह पाहून पलीकडच्याला वाटलं, अवतरण संपलं. म्हणजे कर्मचाऱ्याचं नाव 'डी'. उरलेलं 'मेलो' हे काय, हे त्याला कळेना. त्याने मान टाकली.

चोरवाटेच्या पहिल्या चाचणीत सगळ्यांचे पगार निघाले, वसईच्या तिघांचे राहिले. त्यातला एक पापडीचा. तो शांतपणे साहेबांच्या केबिनपाशी गेला आणि म्हणाला, "सर, घंटा नेल्या ते ठीक. आता पगारही?"

चूक झाली हे सांगण्याच्याही दोन भाषांच्या दोन तऱ्हा. पायथन चुकला की त्याच्या तक्रारीच्या शेवटच्या ओळीत मुख्य गोष्ट असते. जावाची तक्रार घराण्याच्या इतिहासासारखी: अमक्याने तमक्याला बोलावलं, तमक्याने ढमक्याला बोलावलं, मधेच "याचं मूळ कारण" म्हणून दुसरी वंशावळ, तिच्याखाली तिचं मूळ कारण. दोन्ही एकत्र आल्या की पायथनची सरळ तक्रार वर आणि तिच्या पोटात जावाची सगळी कुळकथा. मी एकदा अशी तक्रार अंधेरीला विरारच्या गाडीत वाचायला घेतली ती भाईंदरच्या खाडीपर्यंत चालली. तात्पर्य एवढंच होतं की जिथे काही तरी असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं.

गाडीवरून आठवलं. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीचा माणूस चुकून चढला तर त्याचं काय होतं हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. दारात विरारकरांची भिंत. तो उतरत नाही, विरारपर्यंत येतो आणि परतीची गाडी धरतो. दोन भाषांमधल्या वस्तूंचं नेमकं हेच होतं. वापरून झालेल्या वस्तूंची जागा मोकळी करायची पायथनची रीत हिशेबी आहे: या वस्तूला किती जणांनी धरलंय ते मोजायचं, कुणीच धरलं नसेल तर ताबडतोब उतरवायचं. जावाचा सफाईवाला मात्र आपल्या सोयीने फेरी मारतो आणि जिच्यापर्यंत कुणाचाच हात पोचत नाही ती वस्तू उचलतो. आता पायथनच्या वस्तूने जावाच्या वस्तूला धरलं आणि तिने उलट पायथनच्या वस्तूला धरलं, तर? पायथन म्हणतो, हिला पलीकडून कुणी तरी धरलंय, कशी उतरवू? जावा म्हणतो, हिला अलीकडून धरलंय, मी कशाला उचलू? दोघी एकमेकींचा हात धरून दारात उभ्या, मागे गर्दी वाढतेय आणि गाडी थांबतेय असं दिसत नाही. आमचा सर्व्हर रोज दुपारी चारच्या सुमारास धापा टाकायचा तो यामुळे. रात्री बंद करून सकाळी सुरू केला की ताजातवाना. आयटीतले निम्मे आजार याच औषधाने बरे होतात आणि उरलेल्या निम्म्यांवरही आधी हेच देऊन बघतात.

दोन भाषांच्या मधे उभं राहणाऱ्याचं काम नाजूक असतं, आणि ते काम वसईला नवं नाही. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा, सोळाव्या शतकातला. ते जपानला गेले आणि तिथली भाषा इतकी उत्तम शिकले की पुढे मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला गेलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे ते दुभाषे झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला त्यांना धर्मासाठी क्रूसावर मरण आलं. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संत म्हणून घोषित केलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, आणि त्या कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं आज अंधेरीत बसून जावाचं पायथनला आणि पायथनचं जावाला समजावून सांगतात. त्या थोर पुरुषाशी स्वतःची तुलना करण्याइतका मी वेडा नाही. पण मधल्या थराचा प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला एखादा संरक्षक संत हवाच असेल, तर आम्हा वसईकरांना लांब जायची गरज नाही.

बाकी या मधल्या माणसाची ऑफिसात काय किंमत असते ती असते. चाललं तर जावा चांगला होता, नाही चाललं तर पूल वाईट होता. पगारवाढीच्या फॉर्मवर "आपण काय निर्माण केलंत?" असा रकाना असतो. त्यात काय लिहिणार? जे आधी तिकडे होतं ते आता इकडेही आहे.

शेवटी मार्ग सापडला तो गाडीत. आमच्या डब्यात विरारचे एक काका असतात. आयुष्य अंधेरीच्या सीप्झमध्ये गेलं. सीप्झ १९७३ चं, काका त्यानंतर काही वर्षांनी तिथे लागले आणि कोबोलपासून पुढचं सगळं त्यांनी पाहिलं. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोनदा कुठे तरी सल्ला द्यायला जातात, कारण घरी त्यांचा सल्ला कुणी घेत नाही. मी सगळी कर्मकहाणी सांगितली. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"बाळा," ते म्हणाले, "१९९१ ला कोरबा आलं. कुठल्याही भाषेतली वस्तू कुठल्याही भाषेत वापरा म्हणे. मग मायक्रोसॉफ्टचं कॉम आलं. तेच म्हणे. २००२ ला डॉट नेट. त्यांनी निदान सगळ्या भाषांना एकाच यंत्रात राहायला लावलं, म्हणून जमलं. तुमच्या त्या कॉटलिनचं जावाशी का जमतं? एकाच घरात वाढलेत दोघे. घर एक असेल तर वस्तू द्या-घ्या खुशाल. घरं दोन असली की वस्तू उचलून आणू नये. निरोप पाठवावा."

"म्हणजे?"

"म्हणजे तो जावाचा क्लास आहे तिथेच राहू दे. त्याला एक खिडकी काढून दे. तुझा पायथन खिडकीपाशी जाईल, चिठ्ठी देईल: अमका माणूस, अमका महिना. तो आतून उत्तराची चिठ्ठी देईल. हा त्याच्या स्वयंपाकघरात जाणार नाही, तो ह्याच्या नाही. आणि चिठ्ठीत महिना आकड्यात लिहू नकोस रे. पुरी तारीख लिही, वर्ष-महिना-दिवस. १९८८ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. कुणी वाचत नाही."

एरियान ५ ची गोष्टही त्यांनीच सांगितली. ४ जून १९९६ ला युरोपचा तो नवा अग्निबाण उडाला आणि चाळीस सेकंदांच्या आत आकाशात फुटला. आत एरियान ४ साठी लिहिलेला प्रोग्राम तसाच उचलून घातला होता. जुन्या अग्निबाणावर उत्तम चाललेला. नव्याचा वेग जास्त, त्यामुळे एक आकडा ३२,७६७ च्या पुढे गेला आणि ज्या सोळा बिटांच्या डबीत तो ठेवायचा होता तीत मावला नाही. "तिथे तर भाषाही एकच होती, एडा," काका म्हणाले आणि नालासोपारा गेल्यावर दाराकडे सरकायला उठले. "चालतंय ते चालू दे म्हणणाऱ्या साहेबाला हे सांग."

साहेबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण घंटा काही सोडली नाही. "म्हणजे घंटा वसईतच ठेवायची आणि वाईहून फोन करून वाजवायला सांगायचं?"

"हो सर," पापडीचा पोरगा म्हणाला. "तिकडे वाजवणारी माणसं अजून आहेत."

यावर साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि पुण्याच्या माणसाच्या बाबतीत ही मंजुरीच समजायची असते. खिडकी काढली. चिठ्ठ्या जातात-येतात. आडनावांतला स्वल्पविराम चिठ्ठीत नीट गुंडाळून जातो, त्यामुळे डि'मेलोंना पूर्ण नावाने पगार मिळतो. सर्व्हरची दुपारची धाप थांबली. पूर्वीपेक्षा उत्तर यायला काही मिलिसेकंद जास्त लागतात, अशी एका पोराने कुरकुर केली. तो पवईला राहतो आणि चालत येतो. विरारहून अंधेरीला रोज उभ्याने जाणाऱ्या माणसासमोर मिलिसेकंदांचं रडगाणं गाऊ नये, एवढं त्याला आम्ही प्रेमाने समजावलं.

माझं स्वतःचं मत काकांच्याही एक पाऊल पुढे आहे. तो क्लास एकदा मॅडमना शेजारी बसवून ओळीन् ओळ वाचावा आणि पायथनमध्ये नव्याने लिहून टाकावा. काम थोडक्या दिवसांचं आहे. आतापर्यंत ते टाळण्यात याच्या कितीतरी पट वेळ गेला. पण कॅनडाहून आलेल्या शेवटच्या निरोपानुसार हात घालायचा नाही, आणि आयटीत पूर्वजांच्या आज्ञेला जेवढा मान आहे तेवढा आता वाड्यांतही उरलेला नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं. तुमच्या जानेवारीच्या पगारपत्रकावर व्यवसायकर ३०० रुपये कापलेला दिसला तर अकाउंट्सवाल्यांशी भांडायला जाऊ नका. त्यांनाही तो तसाच आलेला असतो. आयटीत जा, आणि महिने शून्यापासून मोजता का, एवढं विचारा. वर्षाची बेरीज २,५०० बरोबर येते असं ते सांगतील. त्यावर समाधान मानू नका.